अंगारकीचं गिमलेट

ताई खुर्चीवरून खाली घसरली तेव्हा आम्ही हसलो. मी तर मास्तरीणबाईंना टाळी दिली. ताईचा पदर सुटला होता, कपाळावर घामाचे थेंब होते, आणि ती मला विचारत होती, गाय बांधली का. वाकडला बाराव्या मजल्यावर कसली गाय? मास्तरीणबाई म्हणाल्या, "चढली हिला," आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

भाभी हसली नाही. ती ताईच्या शेजारी फरशीवर बसली, तिचा हात हातात घेतला, मानेवरून बोटं फिरवली. मग आमच्याकडे वर बघून म्हणाली, "हसू नका. ही नशा नाही. हिची साखर उतरलीय."

मी ताईच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे उघडे होते, पण ती त्यांच्यामागे नव्हती. मग ते वर गेले. जबडा आवळला. हात थरथरत होते ते थांबले, आणि ते थरथरण्यापेक्षा वाईट दिसलं. मी आयुष्यात माणसं मरताना पाहिली आहेत. ताई मरत होती, आणि तिच्या पोटात माझ्या हातचं गिमलेट होतं.

हे कसं झालं ते आता सरळ सांगते.

मी परांड्याकडची. शाळा चौथीपर्यंत. लग्नानंतर कुरुळीला आले आणि तिथे पुढची सगळी वर्षं मेस चालवली. चाकणच्या कंपन्यांमध्ये शिफ्ट करणारी पोरं माझ्याकडे जेवायची. मला सगळे मावशी म्हणायचे, अजून म्हणतात. नवरा प्यायचा. तो मेला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. लेक शिकली, कंपनीत साहेबीण झाली, वाकडला फ्लॅट घेतला आणि मला घेऊन आली. मेस बंद केली तेव्हा मोठी पातेली विकली. हाताचं माप विकता येत नाही, ते बरोबर आणलं.

लेक आणि जावई शनिवारी संध्याकाळी एकेक पेला घेत. मला वाटायचं, घ्या बापडे, कमावता तुम्ही. पण एकदा मी बाटलीचा वास घेतला. नवऱ्याच्या दारूचा वास मला अंधारातही ओळखता आला असता. हा तो नव्हता. ह्याला धण्याचा वास होता, थोडा मोसंबीच्या सालीचा, आणि मागे ओल्या लाकडासारखं काहीतरी. लेक म्हणाली, ही जिन. मी म्हटलं, आणि त्यात ओततेस ते काय? तिने दुसरी बाटली दाखवली. लिंबाचा पाक म्हणे. रंग पोपटी, भिंतीला द्यावा असा. मी बोटावर घेऊन चाटला. साखर आणि औषध. लिंबू त्या बाटलीच्या दारावरूनही गेलं नव्हतं.

मी म्हटलं, "मंडईत लिंबं संपली का?"

ती म्हणाली, "आई, गिमलेट असंच करतात. ह्यातच मजा असते."

हे मला पटलं नाही. ज्या घरात मी आहे त्या घरात बाटलीतलं लिंबू येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी लिंबं आणली, रस काढला, साखर घालून शिजवला. तो काढा झाला. सर्दीला दिला असता. फेकून दिला. मग डोक्यात आलं, लिंबाचं गोड लोणचं आपण शिजवत नाही. साखर लावून ठेवतो, साखर आपण होऊन सगळं ओढून घेते. लिंबाचा जीव रसात कमी आणि सालीत जास्त. म्हणून मी सालीचा नुसता हिरवा पापुद्रा काढला, पांढरं अजिबात येऊ दिलं नाही, कारण ते कडू. तो पापुद्रा साखरेबरोबर खलात चांगला रगडला आणि झाकून ठेवला. सकाळी साखर ओली होऊन हिरवट झाली होती. झाकण काढलं तर स्वयंपाकघर वासाने भरलं. त्यात ताजा रस घातला, हलवला, फडक्यातून गाळला. विस्तवाला दाखवलाच नाही.

त्या शनिवारी दोन वाट्या जिन आणि एक वाटी पाक, असं बर्फाबरोबर फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून हलवलं. डबा इतका गार होतो की झाकण घट्ट बसतं, म्हणून फडकं गुंडाळून धरायचा. बाहेरून डब्यावर पांढरी साय आली की थांबायचं. जास्त हलवलं की बर्फाचं पाणी सुटतं आणि मग ते ना इकडचं ना तिकडचं. चहाच्या गाळण्याने आइस्क्रीमच्या पायवाल्या पेल्यांत गाळलं. लेकीने एक घोट घेतला. मग जावयाला हाक मारली. त्याने घेतला. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

लेक म्हणाली, "आई, तू घे ना."

मी घेतला. छान होता. खोटं कशाला बोलू, फार छान होता. आंबट, गोड, आणि गिळल्यावर मागे राहणारा तो जंगली वास. मी दारूला आयुष्यभर शिव्या दिल्या, पण त्या दारूला नव्हत्या, पिणाऱ्याला होत्या. हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर लेकीच्या कंपनीतली माणसं घरी आली की विचारतात, मावशींचं आहे का? पोपटी बाटली पुन्हा आमच्या घरात आली नाही.

आता बाकीच्या तिघी. आमच्या सोसायटीत ज्येष्ठांचा हास्यक्लब आहे. सकाळी बागेत उभं राहून हात वर करून हसायचं. मला कारण नसताना हसता येत नाही. तिथेच मागच्या रांगेत आणखी तिघी न हसणाऱ्या भेटल्या. एक मास्तरीणबाई, प्राथमिक शाळेतून हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या. त्या अजूनही माणसाकडे चष्म्यावरून बघतात. दुसरी ताई, कोकणातली, गुहागरच्या बाजूची, मुलाकडे राहायला आलेली. ती बारीक, गोरी, जिभेची तिखट. तिला साखरेचा आजार. तिसरी भाभी. तिच्या नवऱ्याचं चाकण रस्त्याला गॅरेज होतं, आता मुलगा चालवतो. ती मूळची मंचरची, तिचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ आहे.

मंगळवारी लेक आणि जावई दोघंही ऑफिसला जातात. म्हणून मंगळवारी दुपारी आम्ही चौघी माझ्याकडे बसू लागलो. आधी चहा व्हायचा. मग एकदा मास्तरीणबाईंनी विचारलं, तुमच्या घरचं ते काय असतं म्हणे, मला माझी सून सांगत होती. मी म्हटलं, दाखवते. दाखवलं. तेव्हापासून मंगळवारी चहा नाही.

प्रत्येकीला एक लहान पेला, त्याहून जास्त नाही. भाभी पीत नाही. तिच्यासाठी तोच पाक, सोडा, बर्फ, वर लिंबाची तशीच चकती, आणि तसाच पायवाला पेला. तिचा पेला निराळा दिसला असता तर ती निराळी बसली असती. तिच्यासाठी गाळणं आणि डबा मी वेगळा ठेवला होता. जिनचं भांडं तिच्या पेल्याला कधी लागू दिलं नाही. तिने हे कधी मागितलं नव्हतं. ते मागायला लावायचं नसतं.

ताईच्या कोकणातल्या परड्यात ईडलिंबाचं एक झाड आहे. जागा आता भावाच्या मुलाकडे आहे. त्याने तिला पिशवीभर ईडलिंबं पाठवली. ती पिशवी घेऊन सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, लोणचं पुष्कळ झालं, ह्याचं ते कर. ईडलिंबाची साल जाड, खरबरीत, आणि वास असा की हात दोनदा धुतले तरी जात नाही. मी तो पापुद्रा साखरेत रगडला, रसाला ईडलिंब कमी पडलं तिथे साधं लिंबू घातलं. मंगळवारपर्यंत पाक तयार झाला. असा पाक मी आधी केला नव्हता. त्याच्यासाठी मी त्या मंगळवारची वाट बघत होते.

आणि त्या मंगळवारी संकष्टी आली. म्हणजे अंगारकी.

ताई लग्न झाल्यापासून संकष्टी करते. नुसती नाही, कडक. साबुदाणा नाही, वरी नाही, सकाळी बिनसाखरेचा कोरा चहा, आणि मग चंद्र बघितल्यावर जेवण. मुलगा ओरडतो, सून ओरडते, ही ऐकत नाही. सकाळची साखरेची गोळी मात्र घ्यायची. गोळी देवाला चालते, असं तिचं म्हणणं. औषध म्हणजे काही खाणं नव्हे.

ती आली आणि म्हणाली, मी नुसती बसणार, तुम्ही घ्या. मी पाकाची बरणी उघडली. वास तिच्यापर्यंत पोचला. ती पुढे सरकली. मग म्हणाली, "माझ्या झाडाचं आहे गं ते."

मी म्हटलं, पुढच्या मंगळवारी घे, बरणी कुठे पळत नाही. ती म्हणाली, पुढच्या मंगळवारी हा वास असा राहील का? नसता राहिला, हे मलाही माहीत होतं.

मग चर्चा सुरू झाली. लिंबू उपासाला चालतं, साखर चालते, बर्फ म्हणजे पाणी. प्रश्न जिनचा होता. मास्तरीणबाईंनी चष्मा लावून बाटलीवरचं वाचायला घेतलं. त्यात एका जंगली फळाचं नाव होतं. फळ म्हणजे चालतं. धणे होते. ताई म्हणाली, आमच्याकडे उपासाला कोथिंबीर चालते, मग धण्याने काय घोडं मारलं. मग मास्तरीणबाई थांबल्या आणि बाटली खाली ठेवून म्हणाल्या, "हे मूळ धान्याचं आहे. धान्य आलं. संपलं."

ताई म्हणाली, "धान्य बाटलीत आहे का?"

"नाही. त्याची वाफ धरून केलेलं असतं."

"मग वाफच ती. शेजारच्या घरात भात शिजला तर त्याची वाफ माझ्या नाकात जाते. माझा उपास मोडतो का?"

मास्तरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला. त्यांच्या शाळेत असली पोरं मागच्या बाकावर बसवतात. भाभी म्हणाली, आमच्यात रोज्याला वाफ काय, थुंकीचासुद्धा विचार करतात, तुमचं बरं आहे. ताई म्हणाली, आमचा गणपती समजूतदार आहे. आणि तिच्या गावी शिमग्याला बायकासुद्धा काजूच्या दारूची एक वाटी घ्यायच्या आणि देवाने कुणाला काही केलं नाही, हेही सांगितलं.

मी डबा हलवला. चार पेले भरले, तीन ह्या डब्यातून आणि एक भाभीच्या डब्यातून. ताईने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. म्हणाली, "परडं आलं."

तिने आणखी अर्धा मागितला. मी दिला. तिचं झाड, तिचा पाक. आम्ही बाकीच्या चिवडा खात होतो, तिने त्याला हात लावला नाही. धान्याचा चिवडा. वाफ चालली, चिवडा चालला नाही.

गप्पा चालू होत्या. थोड्या वेळाने ताई जरा जास्तच मोठ्याने बोलायला लागली. मग एकच गोष्ट दोनदा सांगायला लागली. मग हात थरथरले आणि पेला तिने मेजावर ठेवायचा तो कडेला ठेवला. मी तो सरळ केला. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. पेला घेतल्यावर माणूस असाच होतो, हे आमच्या डोक्यात पक्कं. एवढा नवऱ्याचा अनुभव पाठीशी असून मला वेगळं काही दिसलं नाही. उलट त्या अनुभवामुळेच दिसलं नाही. मग तिने गाईचं विचारलं आणि खुर्चीवरून घसरली.

आता पुढचं.

भाभीने सांगितल्यावर मी पहिली धावले ती पाकाच्या बरणीकडे. बरणीच्या तळाशी न विरघळलेली साखर दाट बसलेली होती. भाभी म्हणाली, "ओतू नको. छातीत जाईल. बोटाने लाव." तिच्या नवऱ्याचं एकदा रोज्यात असंच झालं होतं, गॅरेजात, पान्याच्या पेटीवर पडला होता तो, आणि लोक त्याला पाणी पाजायला निघाले होते. तेव्हापासून तिला माहीत.

आम्ही ताईला कुशीवर वळवलं. मी तिचा गाल आतून धरला आणि ती ओली साखर हिरड्यांना लावली. गाल गार पडला होता. पुन्हा लावली. मास्तरीणबाई फोनवर ॲम्ब्युलन्सवाल्याला पत्ता सांगत होत्या, अगदी हजेरी घेतात तशा आवाजात, विंग, मजला, लिफ्टची कुठली बाजू.  

मी ताईच्या कानाशी काही म्हणत होते. काय म्हणत होते ते भाभीने नंतर सांगितलं. मी म्हणत होते, "मर माझ्या घरात, आणि मग बघ." मला हे आठवत नाही. पण मी असं म्हटलं असेन, ह्यात मला शंका नाही.

साखर लावून बोट दुखायला लागलं तेव्हा तिच्या जिभेने माझं बोट ढकललं. एवढंच. वासरू आचळ शोधतं तसं. मग तिने गिळलं. भाभी म्हणाली, आता चमच्याने, थोडा थोडा. मी चमच्याने पाक दिला. मग भाभीने आपला पेला पुढे केला, तिचा गिमलेटसारखा दिसणारा, बिनजिनचा, अर्धा राहिलेला. त्यातले घोट ताईने घेतले. भाभीने तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. पेला भाभीचाच होता, उष्टाच होता, कुणी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी काही बिघडलं नसतं.

ताईने डोळे उघडले आणि छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाली, "आंबट झालंय."

ॲम्ब्युलन्सची माणसं आली तेव्हा ती बसलेली होती. त्यांनी बोटाला सुई टोचून साखर मोजली आणि एकमेकांकडे पाहिलं. एवढी साखर चाटूनही आकडा कमीच होता. मग आधी काय असेल, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

दवाखान्यात तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती. ताईचा मुलगा हिंजवडीहून पोचला तेव्हा ती विचारत होती, ह्यांनी काय काय घेतलं होतं? मुलगा दारातच उभा. मास्तरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, लिंबाचं सरबत.

त्यांनी ते भीतीने म्हटलं नाही. ताईची लाज झाकायला म्हटलं, मुलासमोर. मला ते कळलं. पण डॉक्टरीण ते लिहून घ्यायला लागली.

मी म्हटलं, "जिन. दीड पेला, ह्या मापाचा. पोटात सकाळपासून फक्त कोरा चहा. आणि सकाळची साखरेची गोळी."

भाभीने ताईच्या बटव्यातून गोळ्यांची पट्टी काढून पुढे केली. डॉक्टरणीने पट्टी वाचली आणि तिचा चेहरा बदलला. ती म्हणाली, ही गोळी बराच वेळ साखर खाली ओढत राहते, आणि रिकाम्या पोटी दारू असली की शरीराला ती भरून काढता येत नाही. आत्ता ह्या बोलताहेत, पण साखर पुन्हा उतरेल. तुम्ही नुसतं सरबत म्हणाला असतात तर मी सलाईन लावून संध्याकाळी घरी सोडलं असतं. आता रात्रभर ठेवणार.

आणि रात्री ती पुन्हा उतरलीच. पण तेव्हा ताई त्यांच्या खाटेवर होती, हाताला नळी होती आणि नर्स बाजूला होती. घरी झोपेत असती तर कुणाला कळलं नसतं. मी हे कुणाला ऐकवण्यासाठी सांगत नाही. पण मला त्या एका उत्तराचा अभिमान आहे. माझ्या गिमलेटचा आहे, तेवढाच त्याचाही आहे.

मुलगा मला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन गेला. चांगला मुलगा आहे, आवाज चढवला नाही. म्हणाला, "मावशी, तुम्ही माझ्या आईला दारू पाजलीत."

मी म्हटलं, "पाजली नाही. दिली. तिने घेतली."

"ह्या वयात?"

"ह्याच वयात. आधी आम्हाला वेळ नव्हता."

त्याने भिंतीला हात टेकला. मग म्हणाला, आई आता तुमच्याकडे येणार नाही. मी म्हटलं, ती जिवंत राहिली की तिलाच विचार. आम्हा दोघांनाही त्या वेळी तेवढंच हवं होतं. तो रडायला लागला. मी त्याला रडू दिलं आणि कँटीनमधून चहा आणून दिला, साखर घालून.

सकाळी आम्ही तिघी गेलो. ताई उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, पण जीभ जागेवर आली होती. आम्हाला बघून तिने पहिला प्रश्न मास्तरीणबाईंना विचारला.

"माझी अंगारकी मोडली का हो, बाई?"

मास्तरीणबाईंनी खुर्ची ओढून घेतली, चष्मा वर केला आणि नीट विचार केला. मी त्यांना इतका विचार करताना कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "लिंबू आणि साखर. दोन्ही उपासाची. मोडली नाही."

"आणि सलाईन?"

"सलाईन शिरेतून गेलं. खाल्लं नाही."

"चंद्र नाही बघितला."

भाभी म्हणाली, "मी बघितला तुझ्यासाठी. इथनं जाताना. चालतं का?"

ताई म्हणाली, "तुझं चालतं." आणि तिने भाभीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग मला म्हणाली, "ईडलिंबाचा पाक उरलाय की संपवलास माझ्या तोंडात?"

डॉक्टरीण आली. तिने ताईला समजावलं, उपास आणि गोळी एकत्र नाही. उपास करायचा तर आधी विचारायचं, गोळी बदलून घ्यायची, मध्ये खायचं. ताईने मान डोलावली. मग विचारलं, आणि पेला? डॉक्टरणीने मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, न घेतलेला बरा. घेणारच असाल तर क्वचित, थोडा, भरल्या पोटी, आणि ह्या तिघींसमोर. शेवटचं तिने का म्हटलं मला माहीत नाही, पण म्हटलं खरं.

पुढचे काही मंगळवार ताई आली नाही. आम्ही तिघी बसलो, चहा घेतला, लवकर उठलो. मी बरणी फ्रीजमध्ये मागे ठेवून दिली होती. मास्तरीणबाई म्हणाल्या, मुलाने बंद केलं असेल. मी म्हटलं, तिला बंद करणारा अजून जन्मायचा आहे. पण मलाही खात्री नव्हती.

मग एका मंगळवारी बेल वाजली. दारात ताई, आणि तिच्या मागे मुलगा, हातात डबा घेऊन. डब्यात थालीपीठं होती, सुनेने केलेली, आणि वर लोण्याचा गोळा. त्याने डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आधी हे खायला लावा, मग तुमचं काय ते." आणि लिफ्टकडे गेला. जाताना वळून म्हणाला, "माप तुमचं, मावशी. तिचं नाही."

ताईने थालीपीठ खाल्लं. दोन घास मलाही बळेच भरवले. मग मी बरणी काढली. ईडलिंबाचा वास थोडा उतरला होता, पण होता. डबा फडक्यात धरून हलवला, साय आली तशी थांबले, गाळलं. ताईला तळाला थोडंसं, भाभीला तिच्या डब्यातून. चकत्या चारही पेल्यांवर सारख्या.

त्या अंगारकीला माझ्या घरात आम्ही चौघी होतो. मास्तरीणबाई, भाभी, ताई आणि मी. चौघीही अजून आहोत.